पाटी जर्मनीची, परीक्षा आपल्या मालाची

कपड्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणतीही वस्तू समोर आली की डोळ्यांच्या आधी अंगठा फिरतो. सूत कसे आहे, छपाई वरवरची आहे की आत मुरलेली, हे अंगठाच सांगतो. हा तजुर्बा कपड्याबाहेरही कामाला येतो, हे मला फ्रँकफर्टच्या नदीकाठी कळले.

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९७१ पासून जानेवारी महिन्यात 'हाइमटेक्स्टिल' हा घरगुती कापडाचा व्यापारी मेळा भरतो. चादरी, पडदे, टॉवेल यांचे जगभरातले उत्पादक तेथे येतात, भारतातूनही पुष्कळ जातात. काही वर्षांपूर्वी मी गेलो होतो, तेव्हा मेळा आटोपल्यावर एक शनिवार हाताशी उरला. माइन नदीच्या काठी शौमाइनकाई नावाचा रस्ता आहे. तेथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्या मुंबईच्या चोर बाजाराची आठवण यावी असा तो बाजार, फक्त थंडी हाडे गोठवणारी.

एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर लोखंडी पाट्या मांडल्या होत्या. अंडाकृती, पांढऱ्याशुभ्र, काळी किनार, मध्ये काळा गरुड आणि भोवती जर्मन अक्षरे. या जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या आहेत, असे त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितले. मी अंगठा फिरवला. गरुडाची कड अंगठ्याला लागत होती. शंभर वर्षे ऊनपाऊस खाऊनही रंग जराही उतरला नव्हता. किंमत ऐकून मात्र मी हात मागे घेतला.

त्याने विचारले, ''तुम्ही कोठून आलात?'' मी म्हटले, ''भारतातून.'' तो क्षणभर थांबला. मग टेबलाखालून आणखी एक पाटी काढून म्हणाला, ''मग ही तुमच्याकडचीच.'' दिसायला हुबेहूब तशीच. एका जुन्या मालाच्या लॉटमध्ये ती त्याच्या गळ्यात पडली होती. ती त्याने विकली नव्हती. खरे आणि खोटे यांतला फरक गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी ती तो जवळ बाळगत होता. तो चिडून बोलला नाही, म्हणून मला ते अधिकच लागले.

पाटी म्हणजे तरी काय?

आपल्या घरांत पूर्वी इनॅमलची भांडी असत. पांढरी थाळी, निळी कड, टवका उडाला की खाली काळे लोखंड. उर्दूत याला तामचिनी म्हणतात. या पाट्याही त्याच जातीच्या. हा रंग नव्हे, लोखंडावर वितळवून बसवलेली काच आहे. जयपूरचा मीनाकार सोन्या-चांदीवर जे नाजूक काम करतो, तेच काम येथे पोलादी पत्र्यावर कारखान्यात केलेले असते.

पत्रा कापून दाबाखाली घालतात, म्हणजे त्याला मध्ये किंचित फुगवटा येतो. त्यामुळे पत्रा ताठ राहतो. मग तेजाबात धुऊन त्यावर काचेच्या भुकटीचा पातळ लेप देतात आणि सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. पहिला थर गडद असतो. त्यात कोबाल्ट आणि निकेल यांची संयुगे असतात, त्यामुळे काच लोखंडाला घट्ट धरते. त्यावर पांढरा थर आणि पुन्हा भट्टी. मग काळा लेप वाळवून त्यावर साचा ठेवतात, नको असलेली भुकटी ब्रशने झाडतात आणि पुन्हा भाजतात. जितके रंग, तितक्या वेळा भट्टी. ठप्प्याच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठप्पा लागतो, तसेच हे. म्हणूनच जुन्या पाटीवर प्रत्येक रंगाची पायरी अंगठ्याला जाणवते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा जर्मनीत जोरात होता. चॉकलेट, साबण, सिगारेट यांच्या जाहिराती अशाच पाट्यांवर झळकत. सरकारनेही हाच माल पसंत केला, कारण कचेरीची पाटी वर्षानुवर्षे भिंतीवर टिकली पाहिजे. ओर्टेनबर्ग येथील बोस उंड हान, ऑफेनबुर्ग येथील सी. रोबर्ट डोल्ड, एल्बरफेल्ड येथील शुल्झ उंड वेरमान ही या धंद्यातली नावाजलेली घराणी. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत कारखान्याचे नाव आढळते. संग्राहक आधी तेच शोधतो.

राज्ये गेली, पाट्या राहिल्या

या पाट्यांची खरी गंमत अशी की त्या वाचता आल्या तर जर्मनीचा दीडशे वर्षांचा इतिहास हाती येतो. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभे राहिले, पण आतली राज्ये टिकून होती. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग यांचे आपापले राजे होते. म्हणून साम्राज्याच्या टपाल कचेरीवर 'कायझरलिश' म्हणजे बादशाही असे लिहिलेले असे, तर प्रशियाच्या कचेरीवर 'क्योनिग्लिश' म्हणजे राजेशाही. बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्ग यांचे टपालखाते तर १९२० पर्यंत स्वतंत्र होते.

गरुडातही फरक आहे. प्रशियाच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट आणि पंजांत राजदंड व गोल. साम्राज्याच्या गरुडाच्या छातीवर ढाल आणि मुकुट डोक्याच्या वर अधांतरी. नोव्हेंबर १९१८ मध्ये बादशहा आणि राजे गेले. पुढच्या वर्षी प्रजासत्ताकाचा गरुड आला. त्याला मुकुट नाही, राजदंड नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि पुढे गरुडाच्या पंजांत त्याच्या पक्षाचे चिन्ह आले. १९४५ मध्ये तेही कोसळले. १९४७ मध्ये विजेत्या राष्ट्रांनी प्रशिया हे राज्यच कागदोपत्री संपवले. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीने पुन्हा तो साधा, बिनमुकुटाचा गरुड घेतला. पूर्व जर्मनीने १९५५ मध्ये हातोडा, कंपास आणि धान्याच्या लोंब्या असे चिन्ह ठरवले. मे १९९० च्या अखेरीस तिथल्याच संसदेने ते सरकारी इमारतींवरून उतरवण्याचा ठराव केला आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले.

प्रत्येक वेळी कोणीतरी शिडी लावून पाटी उतरवली. काही भंगारात गेल्या, काही माळ्यावर पडल्या. शे-सव्वाशे वर्षांत पाच राजवटी आल्या आणि गेल्या, पण त्यांची नावे सांगणारा पत्रा कुठल्याशा तबेल्यात उलटा पडून टिकून राहिला. संग्राहक पैसे मोजतो ते या साक्षीचे, पत्र्याच्या वजनाचे नव्हेत.

खरे-खोटे कसे ओळखावे?

साक्षीचे पैसे पडतात म्हटल्यावर खोटे साक्षीदारही तयार होणारच. म्हणून जाणकार आधी पाटीवरचा मजकूर तपासतो. म्हाताऱ्याने मला सांगितलेल्या आणि पुढे इतर जाणकारांकडून पक्क्या करून घेतलेल्या खुणा अशा:

पहिली खूण खात्याची. 'श्टांडेसआम्ट' म्हणजे जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी कचेरी. ती प्रशियात १८७४ मध्ये आणि साऱ्या साम्राज्यात १८७६ पासून सुरू झाली. कोणी १८६० ची श्टांडेसआम्टची पाटी म्हणून काही विकू लागला तर हसून पुढे जावे. देशभर एकाच केंद्रीय व्यवस्थेची कर कचेरी म्हणून 'फिनान्त्सआम्ट' १९१९ च्या सुधारणेनंतर आले. त्या नावासोबत बादशाही मुकुट दिसला तर खिशावर हात ठेवावा.

दुसरी खूण हिज्जांची. १९०१ मध्ये बर्लिनच्या परिषदेत जर्मन लेखनाचे नियम ठरले. त्याआधी 'राटहाउस' म्हणजे नगरपालिकेची इमारत हा शब्द 'टी'नंतर दोन 'एच' घालून लिहीत, नंतर एक 'एच' गळाला. जुन्या दोन 'एच'ची पाटी त्यामुळे बहुधा त्या काळाच्या आसपासची किंवा आधीची ठरते.

तिसरी खूण गावाच्या नावाची. एल्बरफेल्ड हे शहर १९२९ मध्ये शेजारच्या गावांत विलीन झाले आणि १९३० पासून ते सारे मिळून वुपरटाल म्हणून ओळखले जाते. पत्त्यात नुसते एल्बरफेल्ड असेल तर पाटी बहुधा त्याआधीची. उलट पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर ती १ जुलै १९९३ नंतरचीच, कारण पाच आकडे तेव्हापासून आले.

चौथी खूण लिपीची, आणि ती मला सर्वांत आवडली. जुन्या जर्मन वळणदार लिपीत 'एस' हे अक्षर दोन रूपांत येते. शब्दखंडाच्या मध्ये ते लांब, शेवटी ते गोल. म्हाताऱ्याला वाटले मला हे समजावणे कठीण जाईल. पण मी उर्दू शाळेत शिकलेला. आमच्या लिपीत अक्षर सुरुवातीला एक, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरेच रूप घेते. चुकीचे रूप घातले की लिहिणाऱ्याला लिपी येत नाही हे मूलही सांगेल. 'श्टांडेसआम्ट'मधला 'एस' पहिल्या शब्दाच्या शेवटी येतो, म्हणून तो गोल हवा. टेबलाखालच्या पाटीवर तो लांब होता. बनवणाऱ्याने चित्र उतरवले होते, पण त्याला शब्द वाचता येत नव्हता.

ही लिपी पाहून पाटी हिटलरच्या काळातली, असा तर्क कोणी करू नये. उलट ३ जानेवारी १९४१ च्या आदेशाने त्याच राजवटीने ती सरकारी कामातून बंद केली.

यानंतर हाताची परीक्षा. खऱ्या पाटीचे टवके बहुधा स्क्रूच्या भोकांभोवती आणि कडांना उडालेले असतात, कारण स्क्रू आवळताना काच तडकते. टवक्याच्या कडेला आधी गडद थर दिसतो आणि मग जुना, काळपट, घट्ट गंज. नकली पाटीचे टवके हातोडीने पाडलेले, जिथे शोभेल तिथे पडलेले आणि गंज तेजाबाने आणलेला, नारिंगी, बोटाला लागणारा. पाठही उलटून पाहावी. खऱ्या पाटीच्या पाठीवरही गडद काच असते. नेलपॉलिश काढायचा द्रव कापसावर घेऊन कोपऱ्यात हलके पुसावे. काच जशीच्या तशी राहते, वरून मारलेला रंग कापसावर उतरतो. लोहचुंबक जवळ न्यावे. चिकटला नाही तर पत्रा पोलादी नाही. अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा निळा दिवा फिरवला तर डागडुजीची जागा वेगळी चमकते. मात्र एकाच खुणेवर सौदा करू नये, चार खुणा जुळल्या तरच करावा.

कायद्याची बाजू

व्यापाऱ्याने कायदा आधी पाहावा. जर्मनीच्या दंडविधानात कलम ८६ अ आहे. हिटलरच्या पक्षाचे चिन्ह जाहीरपणे दाखवणे किंवा पसरवणे हा त्याखाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. इतिहास, शिक्षण, संशोधन अशा कामांना सूट आहे. म्हणून बाजारात त्या काळच्या वस्तूंवर चिन्हाच्या जागी कागद चिकटवलेला दिसतो. आपल्यासारख्या परक्या माणसाने त्या मालाच्या वाटेला जाऊच नये. लाखो निरपराध माणसांच्या खुनाशी जोडलेल्या चिन्हात मला तरी शोभेचे काही दिसत नाही.

आज वापरात असलेल्या सरकारी गरुडाचा अनधिकृत वापर करणेही तेथे दंडपात्र आहे. इमारतीवरून उचकटून आणलेली पाटी तर सरळ चोरीचा माल. कोठून आली, कोणाकडून घेतली, याचा कागद मागावा. आपल्याकडेही हेच लागू. नगरपालिकेची किंवा रेल्वेची जुनी पाटी कोणी आणून दिली तर आधी हिशेब विचारावा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू बाहेर पाठवताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पुरावस्तू खासगी व्यापाऱ्याला निर्यात करता येत नाही, हे निर्यातदारांनी ध्यानात ठेवावे.

पाटीची निगा सोपी आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके. तारेची घासणी आणि लिंबू-व्हिनेगर दूर ठेवावे. समुद्राकाठच्या दमट हवेत उघड्या टवक्यावर मेणाचा हलका हात द्यावा, नाही तर गंज काचेखाली पसरत जातो.

नक्कल वाईट की लबाडी?

आता मूळ मुद्द्यावर येतो. युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांत भारतात बनलेल्या इनॅमल पाट्यांच्या नकलांची चर्चा नेहमी असते, आणि ती कौतुकाची नसते. हे ऐकून मान खाली जाते. पण विचार केला तर आपल्या कारागिराचा दोष मला कमी दिसतो. पत्रा दाबणे, काच भाजणे, साचा कापणे हे मेहनतीचे, भट्टीपुढचे काम आहे. त्याला नमुना दिला गेला, त्याने तो उतरवला. पाटी भट्टीतून बाहेर पडली तेव्हा ती खोटी नव्हती, ती नवी होती. जिथे कोणीतरी तिच्यावर तेजाब ओतले, हातोडी मारली आणि 'शंभर वर्षांची' असे तोंडाने सांगितले, तिथे ती खोटी झाली. कारागिराच्या हाती मजुरी पडली आणि लबाडीचा नफा मधल्या माणसाने नेला. बदनामी मात्र साऱ्या देशाच्या मालाची झाली.

जर्मनांवरही एकदा हीच वेळ आली होती, हे पुष्कळांना माहीत नसते. १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला जागतिक प्रदर्शन भरले. तेथे जर्मनीचे प्रतिनिधी म्हणून गेलेले फ्रान्झ रॉयलो यांनी आपल्याच देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचे जाहीरपणे लिहिले. त्या काळी जर्मन कारखानदार इंग्रजी मालाच्या नकला करत, चाकू-सुऱ्यांवर शेफील्डचे नाव घालत. अखेर १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांचा कायदा केला. परदेशी मालावर तो कोठे बनला हे लिहिणे भाग पडले. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे अशी जन्माला आली. गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी, जर्मनांना लाज वाटावी म्हणून.

जर्मनांनी लाज लपवली नाही. नाव लिहायचेच आहे तर त्या नावाखाली चांगलाच माल जाईल असे त्यांनी पाहिले. काही वर्षांत तीच अक्षरे भरवशाची खूण झाली. आपल्या चोर बाजारात अधूनमधून जुन्या जाहिरातींच्या पाट्या दिसतात. मजकूर इथल्या गिऱ्हाइकासाठी आणि तळाशी बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी'. विक्रेता ती अक्षरे बोटाने दाखवतो आणि भाव चढवतो. लाज म्हणून लावलेली चिठ्ठी किंमत वाढवणारी झाली, ती अशी.

आपल्या कारागिरांनाही हा रस्ता मोकळा आहे. पाटीच्या पाठीवर भट्टीतच भाजून कारखान्याचे नाव, गाव आणि साल घालावे. नवी पाटी नवी म्हणून विकावी. घरांची नावे, दुकानांच्या पाट्या, रस्त्यांची नावे यांसाठी ऊनपावसात टिकणाऱ्या या मालाला आजही मागणी येऊ शकते. प्लास्टिकची पाटी काही उन्हाळ्यांत विटते, ही पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मग जुनेपणाचा मुखवटा कशाला?

आपण कपडेवालेही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. यंत्रमागाचा कपडा हातमागाचा म्हणून खपवणारी दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. यंत्रमागाचा कपडा वाईट नसतो, लाखो घरे त्यावर चालतात. खोटे असते ते दुकानदाराचे तोंड. याच कारणाने २००६ मध्ये सरकारला 'हँडलूम मार्क' काढावा लागला. शब्दावर विश्वास उरला नाही की शिक्का लागतो.

त्या शनिवारी मी रिकाम्या हाताने परतलो नाही. टेबलाच्या कोपऱ्यात एक लहानशी पाटी होती. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत एकच शब्द, 'कास्से'. म्हणजे पैसे भरण्याची खिडकी. गरुड नाही, मुकुट नाही, म्हणून किंमत माझ्या आवाक्यातली. मी पैसे काढले तेव्हा म्हातारा म्हणाला, ''थांबा.'' त्याने पाटी उजेडाकडे तिरपी धरली आणि खालचा डावा कोपरा दाखवला. तेथे टवका भरून रंग लावला होता. माझ्या अंगठ्यालाही तो लागला नव्हता. त्याने न सांगता विकली असती तर मला कळलेही नसते. ऐब दाखवून त्याने किंमत आपणहून थोडी कमी केली.

ती पाटी आज माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर लावलेली आहे. गिऱ्हाइके अर्थ विचारतात, मी सांगतो. नव्या नोकराला मात्र मी आधी तो भरलेला कोपरा दाखवतो आणि मग थान उलगडायला सांगतो. थानात कुठे दोष असेल तर तो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडण्याआधी आपल्या तोंडून निघाला पाहिजे, एवढेच त्याला शिकवायचे असते.